न लिहिलेला दुवा

विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात दोनशे शब्दांचा एखादा उतारा वाटावा. भाषा सोपी, विषय ओळखीचा, लेखकाची बाजू स्पष्ट. मुलांना एवढंच सांगावं : लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा. दहा मिनिटं पुरतात. कागद गोळा करून वाचायला घेतले की उत्तरांचे तीन ढीग पडतात. एका ढिगात ‘हा उतारा झोपेविषयी आहे’ अशी वाक्यं असतात. म्हणजे विषय सांगितला, म्हणणं राहिलं. दुसऱ्यात ‘लेखकाने झोपेचं महत्त्व छान पटवून दिलं आहे’ अशी दाद असते. तिसऱ्यात विद्यार्थ्याचं स्वतःचं मत लेखकाच्या तोंडी घातलेलं असतं. ‘या वयात झोप उशिरा लागते, म्हणून तास उशिरा सुरू करावेत’ असं कारण आणि दावा नेमका उचलणारे कागद थोडेच निघतात.

यात बुद्धीची कमतरता नसते. शाळेच्या परीक्षेत उताऱ्यात काय आहे हे विचारलेलं असतं. लेखक काय सिद्ध करू पाहतो आहे, हे फारसं कुणी विचारलेलं नसतं. म्हणून चिकित्सक विचाराचा अभ्यासक्रम आखताना मी तर्कदोषांच्या यादीपासून कधीच सुरुवात करणार नाही. सुरुवात या ढिगांपासून करावी. समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं हातात धरता आलं नाही, तर पुढे तपासणार काय?

‘चिकित्सक’ या शब्दाचंही थोडं बोलून घ्यायला हवं. आपल्या बोलण्यात ‘तो फार चिकित्सक आहे’ हे क्वचितच कौतुकानं म्हटलं जातं. खुसपटं काढणारा असा त्याचा रोख असतो. ‘टीका’ या शब्दाचं तसंच झालं. जुन्या वापरात टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं. आज ऐकणारा ती दोष दाखवण्याशी जोडतो. मुलं हेच अर्थ घेऊन वर्गात येतात. ‘या लेखाचं चिकित्सक परीक्षण करा’ म्हटलं की ती उणिवा शोधायला लागतात आणि सापडल्या नाहीत तर बेचैन होतात. दोन्ही शब्द फळ्यावर लिहून त्यांचे जुने-नवे अर्थ पंधरा मिनिटं उलगडावेत. तपासणीनंतर ‘हा युक्तिवाद टिकतो’ असं म्हणणं हादेखील पूर्ण निष्कर्ष असतो, हे त्याच वेळी स्पष्ट सांगावं.

मुलं कुठे उभी असतात हे समजून घ्यायला शिक्षणमानसशास्त्रज्ञ विल्यम पेरी यांचं काम अजूनही उपयोगी पडतं. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती वर्षानुवर्षं घेऊन त्यांनी १९७० साली बौद्धिक वाढीचे नऊ टप्पे मांडले. नऊच्या नऊ लक्षात ठेवण्याची गरज नाही, पहिल्या वर्षासाठी दोन मुक्काम महत्त्वाचे. पहिल्या मुक्कामी प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं आणि ते शिक्षकांना माहीत असतं. तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत हे कळलं की बरीच मुलं तिथून एकदम दुसऱ्या टोकाला जातात : मग प्रत्येकाचं मत आपापल्या जागी बरोबर, कोण कुणाला चूक म्हणणार? शिक्षकाला ही प्रगती वाटते, कारण मूल आता घोकत नाही, बोलतं. पण वजन करण्याचं काम दोन्हीकडे टळलेलंच असतं. ‘सगळे तज्ज्ञ विकले गेलेत’ हे वाक्य बंडखोर वाटलं तरी त्यात एकही पुरावा तोललेला नसतो. आपल्याला शिकवायचं असतं ते हे तोलणं, आणि त्यासाठी तराजू कुठे टांगायचा ते आधी दाखवावं लागतं.

तो टांगायचा कारण आणि दावा यांच्या मधल्या सांध्यावर. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, याला नेमका शब्द आहे : व्याप्ती. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी’ या व्याप्तीवर उभं असतं. ती उलटी करून चालत नाही. जिथे अग्नी तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण त्यासाठी परंपरेनं दिलं जातं. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाचे सहा भाग केले, त्यातही आधार आणि दावा जोडणाऱ्या या दुव्याला स्वतंत्र जागा दिली. रोजच्या लिखाणात हा दुवा बहुधा लिहिलेलाच नसतो. लेखक आणि वाचक दोघांनाही तो इतका उघड वाटतो की कुणी तपासत नाही. पूर्ण सत्रात एकच कौशल्य शिकवायची मुभा असेल, तर मी हा न लिहिलेला दुवा लिहून काढण्याचं निवडेन.

त्याचा सराव असा. एक छोटा युक्तिवाद द्यावा : ‘गेल्या सत्रात जे विद्यार्थी आठवड्यातून तीनदा ग्रंथालयात बसले, त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले. म्हणून ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवलं तर सगळ्यांचे गुण वाढतील.’ पहिली चार मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं, गप्प राहून लिहायचं. ही चार मिनिटं वगळली तर गटात जो आधी बोलतो त्याचंच उत्तर गटाचं होतं. मग तिघातिघांचे गट करून दहा मिनिटं चर्चा. चारचे गट केले की एक जण हमखास प्रेक्षक होतो, म्हणून तीन. शेवटी दहा मिनिटं फळ्यावर.

पहिल्या फेरीत दोन प्रकारची उत्तरं वाया जातात. काही जण दावाच दुसऱ्या शब्दांत लिहितात : ‘ग्रंथालयाचा वेळ वाढवणं उपयुक्त आहे.’ काही जण फार लांबचं काहीतरी आणतात : ‘ग्रंथालयात पुरेशी पुस्तकं आहेत.’ हे दुसरं उत्तर कशामुळे लागू नाही, ते सांगायला एक साधी कसोटी आहे. लिहिलेलं गृहीतक उलटं करावं आणि युक्तिवाद कोसळतो का ते पाहावं. पुस्तकं पुरेशी नसली तरी मुलं स्वतःच्या वह्या घेऊन बसू शकतात. युक्तिवाद उभा राहतो, म्हणजे हे गृहीतक तो वापरत नव्हता. आता हे उलटं करा : ‘ग्रंथालयात बसल्यामुळे गुण वाढले.’ ते तसं नसेल, म्हणजे मुळात अभ्यासू मुलंच तिथे जात असतील, तर वेळ वाढवून काही हाती लागत नाही. दुवा सापडला. अजून एक आहे आणि तो बहुतेक गटांच्या नजरेतून सुटतो : जे येत नाहीत ते वेळ सोयीची नसल्यामुळेच येत नाहीत. ते दुसऱ्याच कारणानं येत नसतील, तर दिवे जळतील आणि खुर्च्या रिकाम्या राहतील.

हा सराव एकदा घेऊन भागत नाही. सहा आठवडे, आठवड्याला दोन युक्तिवाद, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला मुलं कंटाळतात, कारण आता ‘कळलंय’ असं वाटत असतं. त्याच वेळी उदाहरणं त्यांच्या आवडत्या बाजूची द्यावीत. न पटणाऱ्या युक्तिवादातला लपलेला दुवा कुणालाही दिसतो. पटलेल्या युक्तिवादातला शोधताना हात अडखळतो.

या अडखळण्याचा अनुभव द्यायला मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० सालचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. २-४-६ हे त्रिकूट मनातल्या एका नियमात बसतं, एवढं सांगायचं. मुलांनी आपली त्रिकुटं विचारायची, शिक्षकानं ‘बसतं’ किंवा ‘बसत नाही’ म्हणायचं. खात्री झाली की नियम लिहायचा. मुलं ८-१०-१२ विचारतात, २०-२२-२४ विचारतात, मग धीट होऊन १००-१०२-१०४. प्रत्येक वेळी ‘बसतं’. ‘दोनानं वाढणारे आकडे’ असं लिहून मोकळी होतात. नियम असतो : चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे. वेसन यांच्या २९ जणांपैकी ६ जणांनीच पहिल्या घोषणेत बरोबर नियम सांगितला होता.

वर्गात हा खेळ गंमत होऊन विरून जातो, तो नोंदी न ठेवल्यामुळे. म्हणून कागदावर तीन रकाने आखून घ्यावेत : माझा आत्ताचा अंदाज, मी विचारलेलं त्रिकूट, आणि मला अपेक्षित उत्तर. शेवटी तिसऱ्या रकान्यात ‘बसत नाही’ किती वेळा आहे ते प्रत्येकानं स्वतः मोजावं. बऱ्याच कागदांवर शून्य असतं, आणि ते शून्य शिक्षकाच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त बोलतं. मात्र ‘नेहमी आपला अंदाज खोडायलाच जा’ असा सरसकट नियम इथून काढू नये. मनातला नियम खऱ्या नियमापेक्षा रुंद असेल, तर ‘बसेल’ असं वाटणारं त्रिकूट विचारूनही ‘बसत नाही’ ऐकायला मिळू शकतं आणि चूक कळते. इथे अंदाज खऱ्या नियमापेक्षा अरुंद होता, म्हणून ती वाट बंद झाली. हा फरक वर्तुळात वर्तुळ काढून पाच मिनिटांत दाखवता येतो. आणि एखाद्याला हा खेळ आधीच माहीत असतो. त्याच्याकडे नवा नियम ठरवण्याचं काम सोपवावं, म्हणजे तो उत्तर फोडत नाही आणि स्वतःही शिकतो.

खेळातून खऱ्या प्रश्नाकडे जायला मला व्हिएन्नातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांची हकिगत फार मोलाची वाटते, पण ती गोष्ट म्हणून सांगितली की वाया जाते. शेवट माहीत असला की सगळं उघडच वाटतं. म्हणून चार चिठ्ठ्या कराव्यात आणि एकेक वाटावी.

पहिल्या चिठ्ठीत फक्त परिस्थिती : एकाच रुग्णालयात दोन प्रसूती विभाग. १८४६ साली पहिल्यात सुमारे ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकतात, दुसऱ्यात सुईणी. कारणं काय असू शकतील? गटांनी किमान पाच लिहायची. दुसऱ्या चिठ्ठीत त्या काळी सुचवली गेलेली कारणं : दूषित हवा, गर्दी, मरणाऱ्या स्त्रीकडे घंटा वाजवत जाणारा धर्मगुरू, प्रसूतीच्या वेळी झोपण्याची पद्धत. इथे कामाला लागायचं. प्रत्येक कारणापुढे लिहायचं : ‘हे खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं?’ हवा दूषित असेल तर दोन्ही विभागांत सारखे मृत्यू हवेत. गर्दी कारणीभूत असेल तर जास्त गर्दीच्या विभागात जास्त मृत्यू हवेत; प्रत्यक्षात दुसरा विभाग जास्त भरलेला असे, कारण स्त्रिया पहिला टाळायला बघत. धर्मगुरूची वाट आणि झोपण्याची पद्धत बदलून पाहता येते; सेमेलवाइस यांनी ती बदलून पाहिली आणि फरक पडला नाही.

तिसऱ्या चिठ्ठीत मार्च १८४७ : त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का यांना शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम झाली आणि ते वारले, त्यांच्या शरीरातली लक्षणं दगावलेल्या बाळंतिणींसारखी होती. वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. ही चिठ्ठी वाचून वर्गात शांतता होते. ती लगेच मोडू नये. चौथ्या चिठ्ठीआधी एक प्रश्न विचारून घ्यावा : आता नेमकं काय करून पाहाल आणि कोणता आकडा आला तर तुमचा अंदाज चुकला असं मानाल? आकडा आधी लिहायचा. मग चौथी चिठ्ठी : मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं झालं. पहिल्या विभागात एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८.३ टक्के होतं, जूनमध्ये २.२ टक्के.

या तासाला नव्वद मिनिटं द्यावीत. पन्नास मिनिटांत कोंबला तर दुसरी चिठ्ठी घाईत जाते, आणि सगळा कस तिथेच आहे. दोन चुका नेहमी होतात. एक, मुलं आजचं जंतूंचं ज्ञान पहिल्याच चिठ्ठीत वापरून मोकळी होतात. त्यांना विचारावं की हे तुम्हाला या चिठ्ठीतल्या कोणत्या ओळीवरून कळलं? दुसरी चूक शिक्षकाची : हकिगत विजयावर संपवणं. सेमेलवाइस यांचं म्हणणं त्यांच्या हयातीत बहुतेक वैद्यकीय जगाला पटलं नाही. हात धुण्याचा पुरावा भक्कम होता, पण शवातून नेमकं काय येतं आणि ते कसं काम करतं, याचं पुरेसं स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नव्हतं. ‘काय घडतं’ आणि ‘का घडतं’ यांचे पुरावे वेगळे असतात, हे एरवी कोरडं वाटणारं वाक्य इथे मुलांना आपोआप सुचतं.

माहितीच्या जाळ्यावरचा मजकूर तपासताना मात्र उलटी सवय लागते. तिथे आधी बारकाईनं वाचणं हीच चूक ठरू शकते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षणसंशोधकांनी ४५ जणांना संकेतस्थळं तपासायला दिली होती : १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. विद्यार्थी आणि इतिहासतज्ज्ञही पानाची मांडणी, बोधचिन्ह, सफाईदार भाषा यांना भुलत होते. तपासनीस अनोळखी पान जवळजवळ लगेच सोडून नव्या खिडकीत जात आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहून मग परतत. वर्गात हे घड्याळ लावून करावं : दोन मिनिटं, मूळ पानावर बसायला मनाई, दोन बाहेरची ठिकाणं नोंदवायची. ‘आमच्याविषयी’ हा विभाग वाचून विश्वास ठेवणं म्हणजे साक्षीदारालाच त्याच्या प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मागणं, हे एकदा दाखवलं की पुरतं.

तर्कदोषांच्या याद्यांबद्दल थोडक्यात. हेत्वाभासांची, म्हणजे याच दोषांची, नावं पाठ झालेली मुलं ती हत्यारासारखी चालवतात. समोरच्यानं तज्ज्ञाचा दाखला दिला की ‘हा तर अधिकाराचा आधार’ म्हणून वाक्य संपवतात, आणि तो तज्ज्ञ त्याच विषयातला आहे का हा प्रश्नच येत नाही. नावं द्यायची तर सत्राच्या शेवटी द्यावीत, आणि नाव घेणाऱ्यानं नेमका कोणता दुवा तुटला ते लिहूनच दाखवावं.

चर्चेचं शास्त्र वेगळं आणि नाजूक आहे. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्ग ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत असल्याचं दिसलं. हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबली, कारणांसकट आली, आणि जास्त मुलं बोलू लागली. तीन सेकंद समोर उभं राहिल्यावर फार लांब वाटतात. मनात आकडे मोजावेत. मोठ्या वर्गात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची १९९१ पासूनची पद्धत चालते : संकल्पनेवरचा बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याला पटवण्याचा प्रयत्न, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तरच शेजाऱ्यांची चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर मूळ मुद्दा पुन्हा शिकवावा. त्याहून जास्त असतील तर पुढे जावं.

वादाची शिस्त शिकवायला पूर्वपक्षाइतकं, म्हणजे समोरच्याची बाजू आधी मांडण्याइतकं, चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही. नियम एकच : उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत मांडा, आणि त्यानं ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्या दिवशी पाच मिनिटांच्या चर्चेची चार मिनिटं यातच जातात. जाऊ द्यावीत. वाद, जल्प आणि वितंडा हे न्यायशास्त्रातले तीन शब्दही इथे मुलांना द्यावेत : सत्य शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडण्यासाठी. आत्ता आपण तिघांपैकी कशात आहोत, हे मधेच थांबून ओळखायला लावलं की आवाज आपोआप खाली येतात.

हे सगळं कशावर करायचं? ‘विचारकौशल्य’ नावाच्या सुट्या तासात, कुठल्याही विषयाशिवाय, हे रुजत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ साली हाच मुद्दा नेटानं मांडला : विचार करणं हे विषयाच्या ज्ञानात गुंतलेलं असतं. अर्थशास्त्रातला लपलेला दुवा ओळखायला बाजार कसा चालतो ते थोडं तरी माहीत लागतं. म्हणून हे सराव विषयाच्या तासात, त्याच आठवड्याच्या धड्यावर घ्यावेत. वाचनाचा भार थोडा कमी करावा लागतो. बहुतेक विभाग इथेच अडतात, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

मूल्यमापन बेतानं करावं, कारण मुलं जे मोजलं जातं तेच करतात. तीनशे शब्दांचं टिपण, दहा गुण : दावा नेमका मांडण्याला दोन, कारण आणि न लिहिलेला दुवा दाखवण्याला तीन, सर्वांत भक्कम विरोधी मुद्द्याला तीन, आणि अभिप्रायानंतरच्या दुरुस्तीला दोन. विरोधी मुद्द्याला गुण ठेवले की साचा तयार होतो : ‘काही जण म्हणतात… परंतु…’, आणि ते ‘काही जण’ बिचारे फारच कच्चं बोलतात. म्हणून त्या तीन गुणांची अट कडक असावी : विरोधी मुद्दा वाचून लेखकाला स्वतःच्या दाव्यात एक तरी शब्द बदलावासा वाटला पाहिजे. ‘सगळ्यांचे’ ऐवजी ‘जे वेळेअभावी येत नाहीत त्यांचे’ एवढा बदलही पूर्ण गुण मिळवतो. यंत्राकडून निबंध लिहून घेण्याच्या आजच्या काळात पहिला खर्डा वर्गातच, हातानं, वीस मिनिटांत लिहून घ्यावा, दुरुस्ती घरी.

पहिल्या आठवड्यातले ते कागद जपून ठेवावेत. शेवटच्या तासाला प्रत्येकाला आपापला परत द्यावा, सोबत तोच उतारा आणि कोरी जागा. लेखकाचं म्हणणं पुन्हा एका वाक्यात, त्याखाली दुवा, आणि त्याखाली एक प्रश्न : या विषयावरचं तुमचं मत बदलायला कोणता पुरावा लागेल? या कागदाला गुण देऊ नयेत आणि नावही लिहायला लावू नये. गुण आले की मुलं बदललेलं मत रचून लिहितात. मत तसंच राहिलं असेल, तर ‘तसंच आहे, पण हे दिसलं तर बदलेन’ असं लिहिण्याइतकी जागा त्या कोऱ्या भागात मोकळी असली पाहिजे. चार ओळी पुरतात.